मीना टेलर नावाने सेव्ह केलेला दवाखाना

मिरजेत स्टेशनबाहेर रिक्षात बसलात की रिक्षावाला ‘कुठं जायचंय?’ असं विचारत नाही, ‘कुठल्या दवाखान्यात?’ असं विचारतो. त्यातल्याच एका दवाखान्यात मी काउंटरवर असते. सर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पाटीवर ‘मेंदू व मनोविकार’ लिहिलंय आणि त्यातला ‘मेंदू’ रंगाऱ्याला मुद्दाम ठळक करायला सांगितला होता, कारण मेंदूच्या डॉक्टरकडे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आमच्याकडे मिरजेचे पेशंट थोडे. मिरजेची माणसं कोल्हापूरला जातात, कोल्हापूरची आमच्याकडे येतात. जत, अथणी, कवठेमहांकाळ, इचलकरंजी, पार बेळगावपासून लोक गाड्या बदलत येतात. गावाजवळ डॉक्टर नाही म्हणून नव्हे, गावाजवळ डॉक्टर आहे म्हणून. एस.टी.चं भाडं परवडतं, पण बाकावर शेजारी जावेची बहीण भेटलेली परवडत नाही.

म्हणून आम्ही नावाने हाक मारत नाही, टोकन पुकारतो. फाइलच्या पुठ्ठ्यावर फक्त आकडा असतो, नाव आतल्या पानावर. औषधाची चिठ्ठी घडी घालूनच हातात द्यायची. एकाच गावचे दोघे एकाच वारी येतायत असं दिसलं तर मी एकाला पुढचा वार देते आणि ‘सर नाहीत’ म्हणून सांगते. सर आत बसलेले असतात. हे खोटं मला पचतं.

एवढा सगळा बंदोबस्त, आणि तो मोडला मोबाईलने.

एक मुलगी यायची. तिचं गाव, वय, काम मी इथे लिहीत नाही आणि जे थोडं लिहिते तेही बदलून लिहिते. तब्येत सुधारत होती, फॉलोअपला आली होती. टोकन घेताना काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, मागच्या खेपेला माझ्यासमोर एक काकू बसल्या होत्या ना, हिरव्या साडीतल्या? त्या मला मोबाईलवर दिसायला लागल्यात.”

तिने फोन पुढे केला. एक ॲप, त्यात ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी पट्टी आणि पट्टीत काकू. नाव, आडनाव, गाव, नवऱ्यासोबत तुळजापूरला काढलेला फोटो. मी आकड्याच्या मागे जे झाकून ठेवलं होतं ते सगळं तिच्या हातात होतं, तेही तिने न मागता. तिला त्या काकूंमध्ये काडीचा रस नव्हता. तिचा प्रश्न दुसराच होता.

“म्हणजे मी पण त्यांना दिसत असणार, हो ना?”

तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मी ‘नाही गं, तसं काही नसतं’ म्हणणार होते, पण म्हटलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन लावला. तो हसला, मग एकच विचारलं, “मावशी, त्या दोघींच्या फोनमध्ये एखादा नंबर सारखा आहे का?”

“आमचा आहे की.”

“मग झालं.”

पुढच्या वेळी घरी आला तेव्हा त्याने कागदावर तीन टिंबं काढून समजावलं. बरीच ॲप सुरू करताना आधी संपर्कयादी मागतात. आपण ‘परवानगी द्या’ दाबतो, कारण न दाबलं तर ते पुन्हा पुन्हा विचारतं. दाबलं की फोनमधली अख्खी यादी, नावं आणि नंबर, कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. मुलीची यादी गेली, काकूंची यादी गेली. दोन्हींत दवाखान्याचा नंबर. एक टिंब मुलगी, एक काकू, मधलं टिंब आम्ही. मधल्या टिंबाला दोन्ही जोडलेले, मग त्या दोघी एकमेकींना ओळखत असतील असा अंदाज. त्या ॲपवाल्यांनी खरं कारण कधी कुणाला सांगितलेलं नाही, कंपन्या आपलं सूत्र उघड करत नाहीत. पण हा अंदाज बांधण्याचं शास्त्र छापील आहे, कुणीही वाचावं.

त्याचं मूळ मोबाईलपेक्षा जुनं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहून ठेवलंय की एका माणसाचे दोन जवळचे लोक एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत असं सहसा होत नाही. आपल्याकडे लग्न जुळवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. नोकरीधंद्याच्या ओळखींसाठीच्या लिंक्डइनने २००६ मध्ये आणि फेसबुकने २००८ मध्ये त्याचं यंत्र केलं.

पण भाच्याने पुढे जे सांगितलं ते ऐकून मला घाम फुटला. २००३ मध्ये अ‍ॅडॅमिक आणि अडार या दोन संशोधकांनी एक हिशोब मांडला. दोन माणसांमध्ये काय सारखं आहे हे नुसतं मोजायचं नाही, ते किती दुर्मीळ आहे तेही बघायचं. तुमच्या आणि माझ्या फोनमध्ये एकाच गॅस एजन्सीचा नंबर असेल तर त्याला किंमत अगदी कमी, तो सगळ्या गावाकडे आहे. पण जो नंबर मोजक्या लोकांकडे आहे, तो दोघांकडे सापडला तर त्याचं वजन भारी. आता तुम्हीच सांगा, मानसोपचाराच्या छोट्या दवाखान्याचा नंबर कोणत्या जातीचा? सेव्ह करणारे मोजकेच, तालुक्या-तालुक्यांत पांगलेले, एकमेकांशी दुसरा काही संबंध नसलेले. या हिशोबाला याहून चांगला धागा मिळणार नाही.

आणि हिशोब चुकलेला नाही, हेच जास्त टोचतं. मुलीत आणि काकूंमध्ये खरोखरच एक गोष्ट सारखी होती. तीच लपवायला दोघी गाड्या बदलून आल्या होत्या.

हे फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. २०१६ मध्ये कश्मीर हिल या अमेरिकन पत्रकार बाईंनी अशाच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची हकीकत छापली होती. छोटं गाव, फेसबुकचा फारसा वापर नाही, आपली संपर्कयादी त्यांनी फेसबुकला दिलेली नव्हती. तरी त्यांचे पेशंट त्यांना सुचवले जायला लागले. पुढे त्यांच्या एका तरुण पेशंटने, तो बर्फावर घसरण्याचे खेळ खेळणारा, फेसबुकने त्याला सुचवलेल्या लोकांची यादी त्यांना दाखवली. त्यात म्हातारी आणि आजारी माणसं. तो म्हणाला, मी यातल्या कुणाला ओळखत नाही, हे तुमचेच पेशंट असणार. बाईंनी बघितलं, तर त्यात खरंच त्यांचे काही पेशंट होते. हे वाचताना मला त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. त्यांच्या काउंटरवर कोण असेल आणि तिचं काय झालं असेल, हेही मनात आलं. असल्या बातम्यांत काउंटरवरची बाई कधी नसते.

फेसबुकला तेव्हा कारण सांगता आलं नाही. त्याच वर्षी दोन माणसं एका जागी असणं हेही सुचवण्यात धरलं जातं असं आधी त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं आणि काही दिवसांतच फिरवलं, म्हणे नाही धरत. आता आमच्या बाकावर तास तास शेजारी बसणाऱ्यांनी यातलं काय धरायचं?

भाच्याने आणखी एक गंमत सांगितली, तिचा या विषयाशी तसा संबंध नाही, पण आमच्याकडे नवरा-बायकोची भांडणंही येतात म्हणून लिहिते. २०१३ मध्ये बॅकस्ट्रॉम आणि क्लाइनबर्ग या दोन संशोधकांनी फेसबुकवरच्या १३ लाख लोकांची माहिती घेऊन, फक्त कोण कुणाला जोडलंय एवढ्यावरून माणसाचा जोडीदार ओळखून दाखवला. लग्न झालेल्यांत निम्म्याहून जास्त वेळा बरोबर. ज्यांच्या बाबतीत हिशोबाला जोडीदार सापडला नाही, त्या जोड्या पुढच्या दोन महिन्यांत तुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग आता फी कशाची घ्यायची?”

असो.

लोक आमचा नंबर कोणत्या नावाने ठेवतात हे मी कधीतरी लिहिणारच होते. पेशंट निघताना मीच सांगते, नंबर सेव्ह करा, दुसऱ्या नावाने केला तरी चालेल. आम्ही कुणाच्या फोनमध्ये ‘मावशी मिरज’ आहोत, कुणाच्या ‘बियाणे दुकान’. एका सुनेने ‘मीना टेलर’ ठेवलंय आणि सासूला खरंच वाटतं की ही ब्लाउज शिवायला मिरजेपर्यंत जाते. एकदा सासूबाईंनी फोन उचलला आणि मला बाह्या सैल झाल्याचं ऐकवलं. मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी घेऊन या, करून देऊ.

ही युक्ती घरात चालते. यंत्रापुढे चालत नाही, कारण ते नाव कशाला बघेल? त्याच्यासाठी ओळख म्हणजे दहा आकडे. एकीकडे ‘मीना टेलर’ आणि दुसरीकडे ‘बियाणे दुकान’ असलं तरी आकडे तेच. उलट सगळ्या याद्या एकत्र आल्या की कुणीतरी एक प्रामाणिक माणूस निघतोच, ज्याने आम्हाला ‘येड्यांचा डॉक्टर मिरज’ म्हणून ठेवलंय. आणि तो निघालाच. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारी ॲप असतात, त्यातल्या एकावर आमच्या नंबरला हेच नाव लागलं. मी सकाळी अपॉइंटमेंटची आठवण द्यायला फोन करायची आणि पलीकडे, नाश्त्याच्या वेळी, टेबलावर पडलेल्या फोनवर ‘येड्यांचा डॉक्टर’ चमकायचं. एका गृहस्थांनी मला फोन करून झाप झाप झापलं. मी ऐकून घेतलं, त्यांचं बरोबर होतं. नाव बदलून घ्यायला अर्ज केला, बदललं, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुणाच्या कृपेने ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं. आम्ही हॉस्पिटल नाही, आमच्याकडे एक खाटसुद्धा नाही.

ही सगळी चीड यायचं कारण असं की दोष द्यायला माणूसच सापडत नाही. मुलीने स्वतःच्या फोनची यादी दिली, तो तिचा हक्क. काकूंनी त्यांची दिली. जे नाव ठेवलं ते ठेवणाऱ्याच्या फोनमध्ये ठेवलं. प्रत्येकाने आपल्या घरातली खिडकी उघडली आणि दिसलं मात्र शेजाऱ्याचं घर. २०१३ मध्ये फेसबुकच्या एका चुकीमुळे सुमारे ६० लाख लोकांचे ईमेल आणि फोन नंबर दुसऱ्यांना दिसले, तेव्हा लोकांना कळलं की त्यात त्यांनी कधीच न दिलेले नंबरही होते. ते दिले होते मित्रांनी, आपापल्या संपर्कयादीतून. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या संसदेत मार्क झुकरबर्गना अशा न दिलेल्या माहितीच्या सावली-प्रोफाइलबद्दल विचारलं, तर त्यांनी हा शब्दच आपल्या परिचयाचा नाही असं सांगितलं.

व्हॉट्सॲपचंही बघा. ते फेसबुकने २०१४ मध्ये घेतलं. तेव्हा युरोपात सांगितलं की दोन्हीकडची खाती एकमेकांशी आपोआप जुळवणं आम्हाला खात्रीने जमणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपचं धोरण बदललं आणि फोन नंबर फेसबुककडे जाणार असं ठरलं, कारणांतलं एक कारण, तुम्हाला मित्र अधिक चांगले सुचवता यावेत. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये दिशाभूल केल्याबद्दल ११ कोटी युरो दंड केला, कारण जुळवणी शक्य असल्याचं कंपनीतल्या लोकांना २०१४ मध्येच ठाऊक होतं. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये २५ सप्टेंबरपर्यंतची माहिती फेसबुकला द्यायची नाही असा आदेश दिला. २५ तारखेनंतरचं काय, हे मी भाच्याला विचारलं. तो चहा प्यायला.

कायदा आमच्या बाजूने आहे, कागदावर तरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याच्या २३व्या कलमात पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि २४व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की हा हक्क इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या सगळ्या माहितीलाही लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरांनी २४वं कलम छापून काउंटरच्या आत चिकटवलंय. मी ते रोज बघते आणि मला प्रश्न पडतो की यात साठवणारा कोण? फाइल आमच्या कपाटात आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला. पण हा माणूस मानसोपचाराला येतो ही गोष्ट कुठेच ‘साठवलेली’ नाही. ती दोन याद्या शेजारी ठेवल्यावर तयार होते. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा ज्याची माहिती त्याची संमती मागतो, आणि माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला त्यातून सूट देतो. दोन्ही गोष्टी वाचायला रास्त वाटतात. पण माझा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे आणि परवानगीचं बटण तुमच्या अंगठ्याखाली आहे. तिथे माझी संमती विचारायला कोण येणार?

आम्ही आमच्याकडून जे जमतं ते केलं. दवाखान्याच्या स्मार्टफोनमधले सगळे पेशंटचे नंबर काढून टाकले, आधी ज्या ॲपना यादी दिली होती त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथली अपलोड झालेली यादीही पुसली. फोनमधून नंबर काढला म्हणून सर्व्हरवरचा जात नाही, तो वेगळा पुसावा लागतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘नंबरावरून मला कोण शोधू शकेल’ हे ‘फक्त मी’वर आणलं. अपॉइंटमेंटसाठी साधा बटणांचा फोन घेतला आणि नंबर वहीत. लांब, लाल कापडी पाठीची वही, आत टोकनच्या आकड्यापुढे फोन. नव्या आयफोनवर, म्हणजे २०२४ च्या सॉफ्टवेअरपासून, सगळी यादी न देता निवडकच नंबर ॲपला देता येतात. छान सोय आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत आयफोन म्हणजे एखाद्या नव्याने बदली होऊन आलेल्या बँकवाल्याचा.

एवढं करूनही आमची बाजू बंद झाली, पेशंटची उघडीच. मधल्या टिंबाने अंग काढून घेतलं तरी बाकीची टिंबं त्याच्याकडे बोट दाखवतच राहतात.

एक उपाय होता, नंबर बदलायचा. भाच्याने तोच सुचवला, दर वर्षी बदला म्हणाला. सर लगेच नाही म्हणाले, आणि मला ते आधीच माहीत होतं. हा नंबर जुन्या चिठ्ठ्यांवर आहे. त्या चिठ्ठ्या लोकांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खाली, कपाटातल्या साड्यांच्या घडीत आहेत. औषधं बंद होऊन कितीतरी वर्षं झालेला माणूस एखाद्या रात्री ती चिठ्ठी काढतो आणि फोन लावतो. असे फोन मी घेतलेत. तेव्हा पलीकडून ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू यायला नको.

तेव्हा नंबर तोच आहे. नव्या पेशंटच्या नोंदणीत मी आता गावानंतर दोन प्रश्न वाढवलेत, फोनमध्ये आम्हाला कोणत्या नावाने ठेवणार, आणि कोणकोणत्या ॲपना तुमची संपर्कयादी उघडी आहे. पहिल्याचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला बहुतेक जण फोनच माझ्याकडे देतात, “तुम्हीच बघा ताई.” मग मी चष्मा लावून सेटिंग उघडते, परवानग्या, संपर्क, आणि एकेक बंद करत जाते. टॉर्चच्या ॲपला संपर्क कशाला लागतात, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मागची रांग कुरकुरते. एका पेशंटमागे पाच-सात मिनिटं जातात आणि सर आतून बेल वाजवतात.

ती मुलगी परवा आली होती. तिने ते ॲप काढून टाकलंय. काकूंनी तिला कधी बघितलं की नाही, हे तिला कळलेलं नाही आणि कळायचा मार्गही नाही. काकू दर महिन्याला येतात, माझ्याशी छान बोलतात. मला त्यांना विचारता येत नाही. विचारलं तर मीच सांगितल्यासारखं होईल.